अपवादाचे कलम



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत 'आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्क' असे छापले आहे. नाव मोठे भारदस्त आहे. ते वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हेगचे न्यायालय, न्यूयॉर्कची सभागृहे आणि काळे कोट घातलेले विद्वान उभे राहिले असतील. आणि त्याबरोबरच मनात शंकाही आली असेल, की या कायद्याचा उपयोग तरी काय? १६ मार्च २०२२ रोजी हेगच्या न्यायालयाने रशियाला युक्रेनमधील लष्करी कारवाई थांबविण्याचा अंतरिम आदेश दिला. कारवाई थांबली नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने गाझातील लोकांच्या रक्षणासाठी आदेश दिले. त्यानंतरही तेथील माणसे मरतच राहिली. मग ज्या कायद्यापाशी शिपाई नाही आणि तुरुंग नाही, त्याला कायदा तरी का म्हणावे, असे कोणी विचारले, तर तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

परंतु आंतरराष्ट्रीय कायदा केवळ रणांगणावर मोजला, तर त्याची खरी ओळख पटणार नाही. तो कधी कधी फार शांतपणे, मागच्या दाराने येतो, आणि एखाद्या वस्तीतल्या माणसांचा दिवस एका तासाने लांबवतो किंवा आखूड करतो. तसा तो आपल्याच परळ-लालबागेत एकदा आला होता. कोणत्या वाटेने आला, येताना काय घेऊन आला आणि काय दारातच ठेवून आला, हे पाहिले म्हणजे आजचे प्रश्न समजून घेण्यास एक चांगली गुरुकिल्ली हाती लागते, असे मला वाटते. म्हणून आज मी आपणांस हेगला न नेता डिलाइल रोडला नेणार आहे.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा कामाचे तास सूर्यनारायण ठरवीत असे. उजाडले की भोंगा, आणि मावळले की सुट्टी. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने मुलांचे तास बांधले, पण प्रौढ माणसाच्या तासांना हात लावला नाही. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ भागात कामगारांच्या सभा भरविल्या, आणि पाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यात मागणे काय होते? आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहाच्या आधी काम सुरू होऊ नये आणि सूर्यास्तानंतर चालू नये. पगार वेळेवर मिळावा. आणि काम करताना अपघात झाला तर भरपाई मिळावी. आज हे मागणे वाचले म्हणजे मनुष्याने इतकेच मागावे आणि त्यासाठीही झगडावे लागावे, याचा विस्मय वाटतो. आठवड्याची सुट्टी गिरणीमालकांनी १८९० साली मान्य केली. परंतु पुढे गिरण्यांत विजेचे दिवे लागले, आणि सूर्यनारायणाचे उरलेसुरले राज्यही संपले! १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांतला दिवस चौदा-चौदा तासांपर्यंत ताणला गेला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाला बारा तासांची मर्यादा घातली. बारा तासांचा दिवस आणि सहा दिवसांचा आठवडा, म्हणजे बहात्तर तास झाले.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा आपल्याकडची स्थिती ही अशी होती. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला. त्याच्या तेराव्या भागात आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची स्थापना केलेली आहे. आणि मनुष्याचे श्रम ही नुसती बाजारात विकण्याची वस्तू मानू नये, असे तत्त्वही त्यातच सांगितलेले आहे. तोफा थंडावल्यावर मोठी राष्ट्रे एकदम कामगारांच्या प्रेमात पडली होती असे समजण्याचे कारण नाही. रशियात १९१७ साली जे घडले होते, त्याची धास्ती सर्वांच्या मनात होती. शिवाय एका देशाने तास कमी केले आणि दुसऱ्याने केले नाहीत, तर दुसऱ्याचा माल स्वस्त पडतो, हाही हिशेब होता. परंतु कायदा कोणत्या हेतूने जन्मला, यापेक्षा तो कोणाच्या हाती पडला, हे पुष्कळदा अधिक महत्त्वाचे ठरते.

संघटनेची पहिली परिषद २९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थान त्या वेळी पारतंत्र्यात होता, तरी तो या संघटनेचा पहिल्यापासूनचा सभासद होता. प्रत्येक देशाने सरकारचे दोन, मालकांचा एक आणि मजुरांचा एक असे प्रतिनिधी पाठवावयाचे होते. हिंदुस्थानच्या मजुरांच्या वतीने गेले ते नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावात जन्मलेले, भारत सेवक समाजाचे सभासद, आणि १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे. ज्या रस्त्याला आपण अजून सवयीने डिलाइल रोड म्हणतो, त्याच्या पाटीवर आज त्यांचेच नाव आहे. नाव रोज वाचणारे पुष्कळ. ते वॉशिंग्टनला कशासाठी गेले होते हे जाणणारे थोडे.

त्या परिषदेने पहिलाच करार केला तो कामाच्या तासांचा. कारखान्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. जगातल्या कामगारांनी वर्षानुवर्षे ज्यासाठी रक्त सांडले होते, ते आता कलमात उतरले. पण करार येथेच संपत नाही. पुढे वाचा. नववे कलम म्हणते की, जपानात सत्तावन तास, आणि कच्च्या रेशमाच्या धंद्यात साठ. दहावे कलम म्हणते की, ब्रिटिश हिंदुस्थानात साठ तासांचे तत्त्व लागू करावे. आणि अकरावे कलम म्हणते की, चीन, इराण आणि सयाम या देशांना या कराराच्या तरतुदी लागू नाहीत.

श्रोतेहो, ही तीन कलमे एका ओळीत ठेवून पाहा. मनुष्याच्या थकव्याचा एक नकाशाच तयार होतो. युरोपातला मनुष्य अठ्ठेचाळीस तासांनी थकतो, जपानातला सत्तावन तासांनी, परळचा साठ तासांनी. आणि शांघायचा मनुष्य बहुधा थकतच नाही!

या अपवादाचे समर्थन काय होते? ते तहातच दिलेले होते. ज्या देशांचे हवामान निराळे, ज्यांची औद्योगिक घडी अजून बसलेली नाही, त्यांच्यासाठी निराळे नियम करावेत, असे तहाचे शब्द होते. हे केवळ ढोंग होते असे मी म्हणणार नाही. बहात्तरांवरून एकदम अठ्ठेचाळीसवर येणे त्या काळच्या गिरणीला जड गेले असते, हे खरे. आणि बहात्तरांचे साठ झाले ही लहान गोष्ट नव्हती, हेही तितकेच खरे. आठवड्याला बारा तास म्हणजे एक सबंध गिरणीदिवस कामगाराला परत मिळाला. पण हवामानाचे कारण निघाले, तेव्हा ते उलट बाजूने का लावले गेले नाही? ज्या देशात उकाडा अधिक, तेथे कामाचे तास कमी असावेत की अधिक? वैशाखातल्या गिरणीत, कापसाची तूस नाकातोंडात जात असताना उभे राहणाऱ्या माणसाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले असते, ते तहात नाही; कारण तह लिहिताना त्याला कोणी विचारले नव्हते.

आता हा करार वॉशिंग्टनहून लालबागेत कसा पोहोचला ते पाहू. आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली म्हणजे तो दुसऱ्या दिवशी आपल्या कोर्टात चालू लागतो, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नसते. करार प्रथम देशाच्या विधिमंडळापुढे यावा लागतो, मग त्याला पक्की मान्यता द्यावी लागते, मग त्याप्रमाणे देशाचा कायदा करावा लागतो, आणि शेवटी तो कायदा पाळला जातो की नाही हे पाहणारा इन्स्पेक्टर गिरणीच्या दारात उभा राहावा लागतो. या साखळीची एक कडी तुटली तरी करार कागदावर राहतो. आपल्याकडे जुलै १९२१ मध्ये मान्यता दिली गेली, आणि १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. ज्या इंग्लंडच्या राज्याखाली आपण होतो, त्या इंग्लंडने मात्र या कराराला कधीच मान्यता दिली नाही.

पण येथे एक गैरसमज होऊ देता कामा नये. हे साठ तास वॉशिंग्टनने दान दिलेले नाहीत. १९१९ च्या जानेवारीत आणि पुन्हा १९२० च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठे संप केले. मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस १९२० सालीच आला, म्हणजे कायद्याच्या दोन वर्षे आधी. संपाने जे मिळविले, ते कराराने आणि कायद्याने पक्के केले, व मुंबईबाहेरही नेले. संप नसता तर करार कपाटात राहिला असता. करार नसता तर संपाची कमाई पुढच्या मंदीत वाहून गेली असती. या दोहोंचे नाते हे असे आहे.

आणखी एक गोष्ट घडली. मजुरांचा प्रतिनिधी देशातल्या प्रमुख कामगार संघटनांच्या संमतीने निवडावा, असा तहाचा नियम होता. १९१९ साली अशी अखिल भारतीय संघटनाच नसल्यामुळे जोशींची नेमणूक सरकारने केली. ही उणीव भरून काढण्यासाठी ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. तिच्या जन्माला अनेक कारणे होती. पण त्यांतले एक कारण आंतरराष्ट्रीय कायद्याचे एक कलम होते, हे विसरता येत नाही.

आतापर्यंत आपण लिहिलेल्या अपवादाचा विचार केला. परंतु न लिहिलेले अपवादही असतात, आणि ते अधिक चिवट असतात. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचे म्हणजे साच्याचे खाते हे चांगल्या पगाराचे खाते. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. का? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. आणि ज्या धोट्याला एका कामगाराचे तोंड लागले, त्याला आपले तोंड लावण्यास बाकीचे तयार नव्हते. सरकारच्या कोणत्याही कायद्यात हे कलम नव्हते. मालकाच्या नियमांतही ते नव्हते. ते कामगारांनीच कामगारांविरुद्ध केलेले कलम होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे टाकला, आणि संपाच्या मागण्यांत याही अन्यायाचा समावेश झाला पाहिजे असा आग्रह धरला. हक्काची मागणी करणाऱ्याने आपल्या स्वतःच्या घरातला अपवाद आधी खोडला पाहिजे, हा त्याचा अर्थ.

मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना नेमक्या याच प्रकारची एक गोष्ट घडली. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात सर्व मनुष्यांसाठी जो शब्द होता, त्याचा सरळ अर्थ 'सर्व पुरुष' असाही होत होता. मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या हंसाबेन मेहता भारताच्या वतीने मानवी हक्क आयोगावर होत्या. त्यांनी हा शब्द बदलण्याचा आग्रह धरला, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जो जाहीरनामा संमत झाला, त्यात 'सर्व मानव' अशा अर्थाचे शब्द आले. कोणी म्हणेल, शब्दाने काय होते? परंतु ज्याला वगळावयाचे असते त्याला वगळण्यास एक शब्दही पुरतो, हे हंसाबेन जाणून होत्या. याच जाहीरनाम्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांतीचा आणि कामाच्या तासांवर वाजवी मर्यादा असण्याचा हक्क सांगितला आहे. लोखंडे यांचा १८८४ चा अर्ज चौसष्ट वर्षांनी मानवजातीचा अर्ज झाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पुढे १९५८ साली नोकरीधंद्यातील भेदभावाविरुद्ध मजूर संघटनेने करार केला, त्याला भारताने १९६० मध्ये मान्यता दिली.

आणि आपल्या दहाव्या कलमाचे काय झाले? १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे चोपन्न तास आले. अठ्ठेचाळीस तास आले ते १९४६ साली. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना फॅक्टरी कायद्याची ही दुरुस्ती झाली, आणि १९४८ च्या कायद्याने ती कायम केली. म्हणजे वॉशिंग्टनला जो अपवाद एका ओळीत लिहिला गेला, तो पुसण्यास सत्तावीस वर्षे लागली. कारण त्या कलमात तासांचा आकडा होता, पण तारीख नव्हती. हा अपवाद कधी संपेल, हे लिहिण्याची आठवण कोणाला झाली नव्हती.

येथवर इतिहास झाला. आता आजचे पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. चिमण्यांच्या जागी मॉल आणि काचेच्या कचेऱ्या आल्या. परंतु त्याच रस्त्यांवर आजही माणसे कामच करीत आहेत. पाठीवर पेटी बांधून दुचाकीवरून जेवण पोहोचविणारा मुलगा, कंत्राटी पहारेकरी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. या माणसांचा अपवाद कोणत्या कलमात लिहिला आहे?

आजचा अपवाद देशाच्या नावाने लिहीत नाहीत. तो व्याख्येत लिहितात. 'कारखाना' म्हणजे काय? १८८१ साली शंभर माणसे असतील तर कारखाना. १८९१ साली पन्नास. १९२२ साली, यंत्रशक्ती असेल तर, वीस. १९४८ साली दहा. शंभर, पन्नास, वीस, दहा. प्रत्येक पायरीला कायद्याचे छत्र अधिक माणसांवर पसरत गेले. २०२० च्या आरोग्य व सुरक्षाविषयक कामगार संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, हा आकडा पुन्हा वीस केला. आणि यंत्रशक्ती नसेल तर चाळीस. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, आठ तासांचा नियम या संहितेत दहा कामगारांच्या आस्थापनांनाही लावलेला आहे, आणि लहान उद्योगांवरचा कागदांचा भार हलका झाला तर रोजगार वाढेल, असा सरकारचा युक्तिवाद आहे. तो ऐकून घेण्यासारखा आहे. परंतु कारखान्यासाठी म्हणून जी खास कलमे आहेत, त्यांच्या उंबरठ्याचा आकडा १९२२ सालच्या जागी जाऊन बसला, ही वस्तुस्थिती आहे. वर्कशॉपमध्ये पंधरा माणसांत ज्याचे बोट यंत्रात सापडते, त्याला सोळावा, सतरावा सोबती नाही म्हणून त्याचे बोट कमी दुखत नाही.

दुसरे उदाहरण पाहा. दुचाकीवरच्या त्या मुलाला कंपन्या 'भागीदार' म्हणतात. शब्द गोड आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली, हे चांगले झाले. परंतु त्यांची व्याख्याच मालक-नोकर या रूढ नात्याच्या बाहेरचे काम करणारे, अशी केली. भागीदार म्हटले की तास नाहीत, रजा नाही, आणि अपघाताची जबाबदारी कोणाची हा वाद उरतो. जुन्या गिरणीतल्या बदली कामगाराची आठवण होते. तोही रोज सकाळी दारापाशी उभा राहून आज काम आहे का म्हणून विचारीत असे. आता दाराऐवजी हातातला फोन आहे, एवढाच काय तो फरक. २०२५ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या परिषदेने अशा कामगारांसाठी नुसती शिफारस न करता बंधनकारक करार करावयाचा असे ठरविले, आणि मसुद्याची दुसरी चर्चा २०२६ च्या परिषदेसाठी ठेवली. घरकामगारांचा करार तर २०११ साली झाला. त्याला भारताने मान्यता दिलेली नाही. संघटनास्वातंत्र्याच्या १९४८ च्या आणि सामुदायिक वाटाघाटींच्या १९४९ च्या मूलभूत करारांनाही दिलेली नाही. सरकारी नोकरांवरील निर्बंध त्या करारांशी जुळत नाहीत, असे त्याचे कारण सांगितले जाते. कारण काही का असेना, त्याला पाऊणशे वर्षे झाली. आणि या अपवादावरही तारीख नाही.

मग आपण, जे राजदूत नाही आणि न्यायाधीशही नाही, त्यांनी काय करावे? माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्या राज्यघटनेच्या एक्कावन्नाव्या अनुच्छेदात आंतरराष्ट्रीय कायदा व करार यांच्याविषयी आदर वाढविण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले आहे. तो आदर प्रस्तावनेला हार घालून वाढत नाही. हक्कांच्या प्रस्तावना सगळीकडे सारख्याच सुंदर असतात. कोणताही करार, कोणताही कायदा हाती आला की प्रथम त्याचे अपवादाचे कलम आणि व्याख्यांचे कलम उघडावे, आणि तीन प्रश्न विचारावेत. यातून कोणाला वगळले आहे? कारण काय दिले आहे, आणि ते कारण वगळलेल्या माणसाला विचारून दिले आहे काय? आणि हा अपवाद किती तारखेला संपणार? ज्या अपवादाला आकडा आहे, त्याच्याशी झगडता येते. साठांचे चोपन्न आणि चोपन्नांचे अठ्ठेचाळीस करता येतात. ज्याला तारीख आहे, त्याची वाट पाहता येते. ज्याला आकडा नाही आणि तारीखही नाही, तो अपवाद नसून बंद दार असते.

आणि चौथा प्रश्न स्वतःला विचारावा, कारण धोट्याची गोष्ट आपल्याला अजून पुरती जुनी झालेली नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी आहे काय? आपल्या सोसायटीच्या दारावरचा पहारेकरी बारा तास बसतो, त्याच्या बदलीची सोय आपण सभेत कधी मांडली आहे काय? बारा तासांचा दिवस आणि सहा दिवसांचा आठवडा म्हणजे बहात्तर तास होतात, हा हिशेब आपण मघाशीच केला. १९११ सालचा तो आकडा आपल्याच फाटकापाशी बसलेला असेल, तर तो बदलण्यासाठी जिनिव्हाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यासाठी सोसायटीची पुढची सभा पुरेशी आहे.